आमच्या संगणकाची मुदत ठरवणारे तुम्ही कोण?

14 ऑक्टोबर ही तारीख आपल्या घरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. 1956, नागपूर, दीक्षाभूमी, सगळं लहान पोरालाही तोंडपाठ असतं. 2025 साली याच तारखेला आणखी एक गोष्ट घडली आणि आपल्या एकाही व्हॉट्सॲप ग्रुपवर तिची चर्चा झालेली आम्ही पाहिली नाही. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ला दिला जाणारा मोफत पाठिंबा थांबवला. योगायोगाचे अर्थ काढत बसणारे आम्ही नव्हे, ते काम पंचांगवाल्यांचं. पण ज्या अभ्यासिकेत आपली पोरं स्पर्धा परीक्षेची तयारी करतात, ज्या सेतू केंद्रावर जातीच्या दाखल्याचा अर्ज भरला जातो, ज्या वसतिगृहात शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले जातात, तिथे तीच विंडोज 10 चालत असेल तर तो संगणक त्या तारखेपासून बेवारस आहे. आणि त्याला बेवारस ठरवणारा माणूस चिखलदऱ्याचा नाही, अमरावतीचा नाही, मुंबईच्या मंत्रालयातलाही नाही.

पाठिंबा थांबला म्हणजे नेमकं काय झालं, हे आधी नीट समजून घेऊ. संगणक बंद पडत नाही. सकाळी बटण दाबलं की तो रोजच्यासारखाच सुरू होतो, फोटो दिसतात, टायपिंग होतं. म्हणूनच कुणाला काही झाल्यासारखं वाटत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कोट्यवधी ओळींचं लिखाण. त्यात चुका असतातच, आणि त्या चुकांतून आत शिरायची वाट चोर शोधत असतात. कंपनी दर महिन्याला अशी भोकं बुजवणारी ठिगळं पाठवते. 14 ऑक्टोबरनंतर ही ठिगळं विंडोज 11 ला मिळत राहतात, 10 ला फुकटात मिळत नाहीत. आता यातली खरी गोम बघा. विंडोज 11 चं एखादं भोक बुजवलं की ते कुठे होतं हे त्या ठिगळावरूनच चोराला कळतं. दोन्ही आवृत्त्यांचं पुष्कळसं लिखाण एकच आहे. म्हणजे शेजारच्या घराला कुलूप लावलं जातं आणि त्याच कुलपाकडे बघून आपल्या दाराची कडी कुठे ढिली आहे हे चोराला समजतं. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या हल्ल्याने जगभर धुमाकूळ घातला, ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांचे संगणक ठप्प झाले. त्या भोकाचं ठिगळ मार्चमध्येच निघालं होतं. ज्यांनी लावलं नाही त्यांचं नुकसान झालं, आणि विंडोज एक्सपी वापरणाऱ्यांना तर मार्चमध्ये ते देण्यातच आलं नव्हतं, कारण एक्सपीचा पाठिंबा 8 एप्रिल 2014 लाच संपला होता. हल्ला झाल्यावर, जगभर बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने एक्सपीसाठीही ठिगळ काढलं. म्हणजे काढता येत होतं.

दुसरा मरणाचा रस्ता ब्राउझरचा. विंडोज 7 चा पाठिंबा 14 जानेवारी 2020 ला संपला, तरी लोक ती वापरत राहिले. मग 2023 च्या फेब्रुवारीत गुगल क्रोमने विंडोज 7 साठी नव्या आवृत्त्या काढणं थांबवलं. क्रोम जुनं राहिलं की एकेक पोर्टल कुरकुर करायला लागतं. पान अर्धवट उघडतं, ओटीपीची चौकट येत नाही, अपलोडचं बटण दाबलं जात नाही. अर्जाची शेवटची तारीख तोंडावर असते आणि पोरीला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. तिला कुणी सांगत नाही की तिच्यासमोरच्या यंत्राची मुदत अमेरिकेतल्या एका वेळापत्रकाने संपवली आहे.

आता हरिसालकडे येऊ. चिखलदऱ्याहून सेमाडोहमार्गे धारणीला जाताना हरिसाल लागतं. तालुका धारणी, मेळघाटाचा गाभा, वस्ती बहुतांश कोरकूंची. 2015-16 मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून हे गाव देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून जाहीर केलं. दूरदर्शनच्या वाहिन्यांमधली रिकामी राहिलेली लहरींची जागा, ज्याला टीव्ही व्हाइट स्पेस म्हणतात, ती वापरून इंटरनेट आणायचं, दवाखाना शहरातल्या डॉक्टरांशी जोडायचा, शाळेत डिजिटल वर्ग भरवायचा, असा तो बेत होता. बेत वाईट नव्हता. ज्या डोंगरात कुपोषणाने लेकरं जातात तिथे दूरवरच्या डॉक्टरचा सल्ला पडद्यावर मिळाला तर आम्ही कशाला नाक मुरडू? पुढे 2019 च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी भर सभेत या डिजिटल गावाचा व्हिडिओ लावला, आणि जाहिरातीतलं हरिसाल व जमिनीवरचं हरिसाल यांत किती अंतर आहे हे सगळ्या महाराष्ट्राने चवीने पाहिलं. सत्ताधाऱ्यांनी खुलासे केले, विरोधकांनी टाळ्या घेतल्या, निवडणूक आटोपली. आम्हाला त्या भांडणात कुणाची बाजू घ्यायची नाही. त्या भांडणात जो प्रश्न कुणीच विचारला नाही तो आम्हाला विचारायचा आहे.

विंडोज 10 बाजारात आली जुलै 2015 मध्ये. हरिसालची घोषणाही त्याच सुमाराची. म्हणजे गाव डिजिटल झाल्याचे ढोल वाजत होते तेव्हाच त्या काळातल्या विंडोजची मरणतिथी छापून तयार होती: दहा वर्षं, ऑक्टोबर 2025. लग्नाच्या पत्रिकेवरच घटस्फोटाची तारीख. मग दहा वर्षांनी या गावाचं, या शाळेचं, या दवाखान्याचं काय करायचं, याचं एखादं कलम त्या वेळच्या कोणत्या जाहिरातीत, कोणत्या भाषणात आलं होतं? उद्घाटनाला मंत्री असतो, फीत असते, ड्रोन असतो. पाठिंबा संपायच्या दिवशी कुणीच नसतं. 2025 च्या ऑगस्टमध्ये नागपूर जिल्ह्यातल्या सातनवरीला देशातलं पहिलं स्मार्ट आणि इंटेलिजंट गाव म्हणून पुन्हा फीत कापली गेली. आपल्या राज्यात दर दहा वर्षांनी एक पहिलं गाव होतं. दुसऱ्या वाढदिवसाची, दहाव्या वाढदिवसाची योजना कुठल्याच पहिल्या गावाला नसते.

कंपनी म्हणेल, दहा वर्षं काय कमी आहेत? नवीन विंडोज 11 फुकट देतोय, चढवा. चढवायचं कशावर? विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आठवी पिढी आली 2017 च्या उत्तरार्धात. म्हणजे 2016 साली, अगदी 2017 च्या सुरुवातीला खास निधीतून घेतलेला, जेमतेम वापरलेला, व्यवस्थित चालणारा डेस्कटॉप या नियमात बसत नाही. त्याचा डबा चांगला, पडदा चांगला, कीबोर्डवरची अक्षरंही पुसलेली नाहीत. तरी तो बाद. कॅनॅलिस या बाजार अभ्यासणाऱ्या कंपनीने 2023 च्या अखेरीस अंदाज दिला होता की या एका निर्णयामुळे जगातले सुमारे 24 कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात. तो कचरा जातो कुठे हेही आपल्याला ठाऊक आहे. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये, मुरादाबादमध्ये तारा जाळून तांबं काढणारे आणि आम्लात पट्ट्या बुडवून सोन्याचा कण शोधणारे हात कुणाचे असतात? वापराच्या रांगेत जे शेवटी उभे, तेच भंगाराच्या रांगेत पहिले. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, पण चालू यंत्राला कचरा ठरवायचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न त्या नियमांच्या आधी येतो.

परतवाड्यातल्या एका दुरुस्तीवाल्याला आम्ही विचारलं तर तो म्हणाला, "दादा, जुगाड करून याच्यात अकरा बसते, पन मंग अपडेटची ग्यारंटी माही नाही." खरं बोलला. चिपची अट चुकवून विंडोज 11 चढवता येते, हजारो लोकांनी चढवली आहे. पण अशा यंत्राला पुढची ठिगळं मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. म्हणजे बेवारसपण टळलं नाही, फक्त नाव बदललं.

आणि आता मुख्य मुद्दा. मुदत सगळ्यांची सारखी संपलेली नाही! बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचं वर्णन श्रेणीबद्ध विषमता असं केलं. एकावर एक पायऱ्या, प्रत्येक पायरीचा हक्क वेगळा, खालच्याला वरच्याचा जिना बंद. विंडोज 10 च्या पाठिंब्याचं वेळापत्रक त्या नजरेने वाचून बघा. याच विंडोज 10 ची एक आवृत्ती मोठ्या उद्योगांसाठी निघते, तिला एलटीएससी म्हणतात, म्हणजे दीर्घ पाठिंब्याची शाखा. तिची 2019 ची आवृत्ती जानेवारी 2029 पर्यंत ठिगळं घेत राहणार आहे. यंत्रांत बसवायची जी 2021 ची आवृत्ती आहे, कारखाने, एटीएमसारख्या कामांची, तिला जानेवारी 2032 पर्यंत पाठिंबा आहे. साध्या ग्राहकाला दुकानात जाऊन ही आवृत्ती मिळत नाही. त्याखालची पायरी पैसे भरणाऱ्या कंपन्यांची: पहिल्या वर्षी दर यंत्रामागे 61 डॉलर, पुढच्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट. नोंदणीकृत शिक्षणसंस्थांना हेच पहिल्या वर्षी एक डॉलर, मग दोन, मग चार. घरगुती ग्राहकाला एकच वर्ष, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, त्यासाठी तीस डॉलर द्या, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून आपल्या संगणकाच्या सेटिंग कंपनीच्या क्लाउडवर ठेवा. युरोपात मात्र ग्राहक संघटनांनी आरडाओरडा केला, तेव्हा तिथल्या लोकांसाठी पैसे आणि क्लाउडची अट दोन्ही काढली. खात्याची अट तेवढी राहिली.

या पायऱ्यांत विहाराची अभ्यासिका कुठे बसते? ती कंपनी नाही, नोंदणीकृत शाळा नाही, युरोपात तर नाहीच. समाजमंदिरातला संगणक कुणाच्या नावावर आहे हेच अनेकदा ठरलेलं नसतं, मग खातं कुणाच्या नावाने उघडणार? आम्ही समाजशास्त्र शिकलो तेव्हा विषमता जमीन, पाणी, शाळा, देऊळ यांत मोजायला शिकवलं गेलं. ठिगळ कुणाला कधीपर्यंत मिळतं, हे मोजायला कुणी शिकवलं नाही. पण या वेळापत्रकातून एक गोष्ट कागदावर सिद्ध होते. विंडोज 10 पुढे दुरुस्त करणं अशक्य झालं म्हणून थांबवलेलं नाही. दुरुस्ती चालूच आहे. ती कुणापर्यंत पोहोचू द्यायची एवढंच ठरवलेलं आहे.

काही मित्र म्हणतात, कशाला एवढा विचार, पुण्या-मुंबईचे आपले नोकरदार बांधव जुने लॅपटॉप देतातच की. देतात, आणि पे बॅक टू सोसायटीच्या भावनेने देतात, त्यांच्या हेतूवर आम्ही बोट ठेवणार नाही. पण मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला काय द्यावं ते सांगितलंय: उरलेलं अन्न, जुनी वस्त्रं, घरातलं जुनं सामान. महाडला ती जाळली त्याला 2027 च्या डिसेंबरमध्ये शंभर वर्षं होतील. तेव्हा देणाऱ्यांना आमची विनंती एवढीच, की ज्याची मुदत संपली म्हणून तुमच्या कंपनीने तो टेबलावरून उचलला, तो तसाच आमच्या पोरांच्या टेबलावर ठेवू नका. सोबत तुमचे दोन तास द्या. त्यात पुढची चार-पाच वर्षं ठिगळं मिळतील अशी सिस्टीम चढवून द्या, आणि ती कशी चढवायची हे दोन पोरींना शिकवून जा. आयटीतल्या माणसाचे दोन तास हे त्या लॅपटॉपपेक्षा महाग आहेत, आम्हाला तेच हवे आहेत.

अशी सिस्टीम आहे का? आहे, आणि ती फुकट आहे. लिनक्सच्या जगात दीर्घ पाठिंब्याच्या आवृत्तीला एलटीएस म्हणतात. उबुंटूचंच बघा. त्याच्या आवृत्तीच्या आकड्यातच साल आणि महिना असतो: 22.04 म्हणजे 2022 चा एप्रिल, 24.04 म्हणजे 2024 चा एप्रिल. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते, पण मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने पाठिंबा असतो. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघणारी ती एलटीएस. तिला पाच वर्षं ठिगळं मिळतात. उबुंटू प्रो नावाची नोंदणी केली तर एकूण दहा वर्षं, आणि व्यक्तिगत वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत तीही फुकट. लिनक्स मिंट ही आवृत्ती याच एलटीएसच्या पायावर उभी आहे. तिचा 22 हा क्रमांक 2029 पर्यंत चालेल, आणि विंडोजची सवय असलेल्या हाताला ती लवकर जमते. डेबियन ही त्याहून जुनी, संपूर्णपणे स्वयंसेवकांनी उभी केलेली सिस्टीम. तिची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, तीन वर्षं मुख्य पाठिंबा आणि पुढे दोन वर्षं दीर्घ पाठिंबा.

एलटीएसमध्ये काम कसं चालतं ते कळलं की ती आपल्या भागाला का परवडते हेही कळतं. नव्या सुविधा, नवं रंगरूप, नवी बटणं तिथे पाच वर्षं येत नाहीत. भोक सापडलं की त्याच जुन्या आवृत्तीला नेमकं ठिगळ लावतात, सगळं कापड बदलत नाहीत. त्यामुळे अभ्यासिकेत आज शिकवलेली गोष्ट तीन वर्षांनी येणाऱ्या पोरालाही तशीच सापडते. पाच वर्षं मोठा बदल नाही, म्हणजे प्रचंड डाऊनलोड नाही. सेमाडोहच्या पुढे मोबाइलला एक दांडी दिसली तरी लोक थांबून फोन लावून घेतात, तिथे दर सहा महिन्यांनी सगळी सिस्टीम नव्याने उतरवा असं कुणी सांगत असेल तर त्याला घाट दाखवून आणावा. छोटी ठिगळं आठवड्यातून एकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरतात. मोठी अपग्रेड पाच वर्षांतून एकदा, ती अमरावतीहून पेनड्राईव्हवर आणता येते. आम्ही ज्या अभ्यासिकेत काम करतो तिथले 2016-17 चे सहा डेस्कटॉप याच पद्धतीने चालू आहेत. दोघांत हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम चार जीबीच आहे, महाडीबीटीचा अर्ज ब्राउझरमधून भरला जातो, मराठी टायपिंग युनिकोडमध्ये इनस्क्रिप्टने होतं.

आता आपल्याच माणसांचा आक्षेप. तो आम्ही अनेकदा ऐकला आहे आणि तो फालतू नाही. "त्यांच्या पोरांना विंडोज आणि आमच्या पोरांना फुकटातलं काहीतरी? पुन्हा दुय्यमच?" ज्या समाजाला शतकानुशतकं दुय्यम देण्यात आलं त्याने फुकट वस्तूकडे संशयाने बघावं हे शहाणपणाचंच लक्षण आहे. तर उत्तर ऐका. जगातले पहिले 500 महासंगणक 2017 च्या अखेरीपासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्स आहे. इंटरनेटवरचे बहुतेक सर्व्हर लिनक्सवर आहेत. संरक्षण मंत्रालयाने 2023 मध्ये आपल्या संगणकांसाठी विंडोज सोडून उबुंटूवर आधारलेली माया ही सिस्टीम घ्यायचं ठरवलं. केरळने तर सरकारी शाळांमध्ये 2000 च्या दशकातच मुक्त सॉफ्टवेअर आणलं, दहावीच्या आयटी परीक्षेपर्यंत नेलं, शिक्षकांना शिकवलं, मल्याळममध्ये सगळं केलं, आणि आजही त्यांची शाळेची सिस्टीम उबुंटूवरच बांधलेली आहे. केरळची पोरं बेकार फिरतात काय? ज्याला आपण दुय्यम समजतो त्यावर वरच्या मजल्याचं सगळं काम चालतं. वरच्या मजल्याने ते आपल्याला सांगितलं नाही, इतकंच.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र खरा अडसर आहे. एमएस-सीआयटी विंडोज आणि एमएस ऑफिसवर शिकवली जाते. टायपिंगच्या परीक्षेचा सराव विंडोजवर होतो. आधारचं बोटाच्या ठशाचं यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर बहुतांशी विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळतं, आणि तिथेही जुनी एल-झिरो यंत्रं बाद करून एल-वन घ्यायला लावलं, म्हणजे अपग्रेडचं चक्र टेबलावरच्या त्या छोट्या डबीलाही सुटलं नाही. जुन्या कार्यालयांत अजून श्रीलिपी, कृतिदेवच्या फाइली पडून आहेत. म्हणून आमचं म्हणणं असं की अभ्यासिकेत एक यंत्र चालू पाठिंब्याच्या विंडोजचं ठेवा, परीक्षेच्या सरावापुरतं. बाकीची एलटीएसवर न्या. क्रॅक केलेली विंडोज मात्र एकाही यंत्रावर ठेवू नका. पन्नास रुपयांत कुणी विंडोज मारून देतो तेव्हा सोबत काय काय मारून देतो ते त्यालाही माहीत नसतं, आणि त्याच यंत्रावर तुमच्या बहिणीचा आधार क्रमांक, बँक खातं, जातवैधतेचे कागद स्कॅन होतात. आम्ही लिनक्सचे पुजारी नाही. पुजारी कशाचेच नाही. मुक्त सॉफ्टवेअरवालेही जुन्यांना सोडतात: ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ने 32 बिटच्या जुन्या संगणकांवर नव्याने बसवायची सोय बंद केली. फरक असा, की ती चर्चा वर्षानुवर्षं उघड्यावर झाली, 12 क्रमांकाची आवृत्ती 2028 च्या जूनपर्यंत दीर्घ पाठिंब्यात आहे, आणि ज्याला ती पुढे चालवायची असेल त्याला कुणी कायद्याने अडवत नाही.

पण सहा डेस्कटॉप वाचवले म्हणजे लढाई जिंकली असं समजणारे कार्यकर्ते नकोत. सार्वजनिक पैशाचं काय? ग्रामपंचायतीचे संगणक, आश्रमशाळांच्या प्रयोगशाळा, अनुसूचित जाती आणि आदिवासी उपयोजनेतून आपल्या नावाने झालेली खरेदी. हे पैसे आपल्या हिश्श्याचे. निविदेत प्रोसेसर लिहितात, रॅम लिहितात, तीन वर्षांची वॉरंटी लिहितात. सिस्टीमला कोणत्या तारखेपर्यंत ठिगळं मिळणार हे एका ओळीत लिहायला काय अडचण आहे? केंद्र सरकारने 2015 मध्येच मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचं धोरण काढलं. त्यात केंद्राच्या ई-गव्हर्नन्स कामांत अशा सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावं आणि पुरवठादाराने ते वगळलं तर कारण द्यावं, असं म्हटलं आहे. सी-डॅकने डेबियनवर आधारलेली बॉस नावाची भारतीय सिस्टीम 2007 पासून काढली. सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात! चिखलदऱ्यात आम्ही ज्या ज्या टेबलांपुढे रांगेत उभे राहिलो, तिथल्या पडद्यावर बॉस दिसलेली नाही.

दबावाने काही होत नाही असं म्हणणाऱ्यांना दोन उदाहरणं पुरेत. युरोपचं वर आलंच. दुसरं गुगलच्या क्रोमबुकचं. अमेरिकेतल्या शाळांनी घेतलेली ती स्वस्त यंत्रं काही वर्षांतच मुदत संपून पडायला लागली, तेव्हा ग्राहक हक्काच्या संघटनांनी शाळांचे किती पैसे बुडतात ते मांडून पिच्छा पुरवला. सप्टेंबर 2023 मध्ये गुगलने दहा वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. कंपन्यांची मुदत दगडावर कोरलेली नसते. ती पुढे सरकते, पण ओरडणाऱ्यासाठी.

तर कामाला लागायचं असेल त्यांनी सुरुवात माहिती अधिकारापासून करावी. चिखलदरा नगरपरिषद, पंचायत समिती, धारणीचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, प्रत्येकाला वेगळा अर्ज. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत, नाहीतर त्याच कारणावर परत येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. विचारायचं एवढंच: कार्यालयात आणि अखत्यारीतल्या शाळांत किती संगणक, कोणत्या साली कोणत्या निधीतून घेतले, त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम कोणत्या आवृत्तीची आहे, 14 ऑक्टोबर 2025 नंतर तिच्या सुरक्षेसाठी काय केलं, आणि खरेदीच्या वेळी मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा विचार झाल्याची टिपणी फाइलमध्ये आहे का. तीस दिवस थांबायचं, मग अपील. नगरपरिषदेच्या, जिल्हा परिषदेच्या सदस्यांना पुढच्या खरेदीच्या ठरावात पाठिंब्याच्या तारखेची ओळ घालायला लावायची. पोर्टल बनवणाऱ्या खात्यांना लेखी मागणी करायची की ठशाच्या यंत्रासकट सगळं काम लिनक्सवरही चाललं पाहिजे.

जयंती मंडळांना एक वेगळं सांगणं आहे, राग मानू नये. एलटीएस निघते एप्रिलमध्ये, आपल्याच महिन्यात. डीजेच्या एका रात्रीच्या बिलातून गावातल्या अभ्यासिकेच्या सगळ्या यंत्रांना एसएसडी बसतील आणि वर बिस्किटाचे पुडे येतील. यंदा 14 एप्रिलच्या आधीच्या रविवारी आम्ही सकाळी दहापासून अभ्यासिकेत बसणार आहोत. डेस्कटॉप असेल तर नुसता डबा आणा, पडदा तिथे आहे. आत जे काही जपायचं आहे, फोटो, दाखले, नोट्स, ते आधी बाहेर काढून ठेवा, कारण डिस्क पुसली जाईल. आठ जीबीचा एक रिकामा पेनड्राईव्ह सोबत असू द्या, म्हणजे परत जाताना तुमच्या गावातल्या दुसऱ्या यंत्रासाठी तो भरून देता येईल. माहिती अधिकाराच्या अर्जाच्या छापील प्रती तिथेच मिळतील. कोर्ट फी स्टॅम्प मात्र येताना घेऊन या, रविवारी इथे मिळत नाही.